सरड्याची धाव, हॉपलंडचं कुंपण

दिवस पहिला

मनूचा फोन आला तेव्हा मी नागपूरच्या घरी मटार सोलत बसले होते. "मावशी, तू अमेरिकेला येतेच आहेस तर चार-पाच दिवस माझ्याबरोबर रानात चल. सरड्यांना मलेरिया होतो, तो दाखवते."

मी म्हटलं, "सरड्याला थंडी वाजून ताप येतो की काय?"

"ताप नाही येत. पण स्लाइड तू वाच, मग बोल."

एवढं पुरे होतं. माझी एकतीस वर्षांची नोकरी गडचिरोली जिल्ह्यात झाली, प्राथमिक आरोग्य केंद्रात, लॅब टेक्निशियन म्हणून. धानोरा, एटापल्ली, पुन्हा धानोरा. या एकतीस वर्षांत मी मुख्यतः एकच काम केलं, मायक्रोस्कोपला डोळा लावून हिवतापाचे जंतू शोधले. निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रेला जातात. मला सरड्याच्या स्लाइडचं आमंत्रण आलं.

कॅलिफोर्नियातल्या सनीवेलहून सकाळी सातला निघालो. जावई गाडी चालवत होते, मनू शेजारी, मागे मी आणि माझ्या मांडीवर डबा. त्यात तिखटमिठाच्या पुऱ्या आणि जवसाची चटणी. जवस इकडे आरोग्याचं खाणं म्हणून छोट्या पुडीत महाग विकतात. आमच्या गावात कोणाला सांगितलं तर विश्वास बसायचा नाही.

सॅन फ्रान्सिस्को ओलांडून १०१ नंबरच्या रस्त्याने उत्तरेला लागलं की शहर हळूहळू सुटत जातं. हील्ड्सबर्ग, क्लोव्हरडेल, दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे. शंभरेक मैलांवर हॉपलंड. बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या वेली इथे पूर्वी भरपूर पिकत, गावाला नाव त्यावरूनच पडलं. आता हॉप्स गेले, द्राक्षं आली. गाव एवढंसं, आपल्याकडच्या फाट्याएवढं. मूळची ही पोमो लोकांची भूमी, आणि त्यांची वस्ती आजही जवळच आहे.

गावातून पूर्वेला डोंगराकडे वळलो. मायाकामास डोंगररांगेच्या उतारावर कॅलिफोर्निया विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, ५,३०० एकरांहून मोठं. १९५१ साली सुरू झालं ते मेंढ्या आणि कुरणं यांच्या अभ्यासासाठी. मेंढ्या अजून आहेत. फाटकापाशी मला एक कागद सही करायला दिला. विषारी साप, गोचिड्या, आणि 'पॉयझन ओक' नावाचं एक झुडूप ज्याचं पान अंगाला लागलं की आठवडाभर खाज. मनूने ते झुडूप तीन वेळा दाखवलं, तिन्ही वेळा मला ते वेगळंच दिसलं. शेवटी ती म्हणाली, "मावशी, तीन-तीन पानं एकत्र दिसली की हात लावायचा नाही. बेलाचं समज, पण शंकराला वाहायचं नाही."

जावई आम्हाला सोडून परत गेले. "मावशी, तुम्ही काळजी घ्या, हिला रानात गेली की जेवणाचं भान राहत नाही," असं सांगून. ते खरं निघालं.

दिवस दुसरा

सरडे उशिरा उठतात हे मला आवडलं. नऊ-साडेनऊपर्यंत ऊन तापत नाही तोवर कोणी बाहेर येत नाही. आम्ही चहा पिऊन, टोपी घालून, पँटचे पाय मोज्यांत खोचून (गोचिड्यांसाठी) कुरणाच्या कडेने चालू लागलो. ओकची झाडं, त्यांच्या फांद्यांवरून दाढीसारखं लोंबणारं करडं दगडफूल. कुरणात तपकिरी खारी, आपल्या खारीच्या तिप्पट, बिळांच्या तोंडाशी उभ्या राहून शिट्ट्या मारणाऱ्या. या खारी आणि त्यांची बिळं लक्षात ठेवा. तिसऱ्या दिवशी लागणार आहेत.

इकडच्या या सरड्याचं इंग्रजी नाव भाषांतर करून सांगायचं तर 'पश्चिमेचा कुंपण-सरडा'. कुंपणाच्या खांबांवर, ओंडक्यांवर, दगडांवर ऊन खात बसतो म्हणून. मी ऐकलं आणि चालता चालता थांबलेच. आपल्याकडे म्हण आधी, सरडा नंतर. इथे सरड्याचं नावच कुंपण! मनूला म्हटलं, "सरड्याची धाव कुंपणापर्यंत, माहिती आहे ना?" ती म्हणाली, "माहितीये. आणि मलेरिया झाला तर कुंपणापर्यंतही नाही." मला वाटलं थट्टा करते आहे. नव्हती करत.

धरायची पद्धत अशी. मासे पकडायची लांब काठी, तिच्या टोकाला दात साफ करायच्या दोऱ्याचा सरफास. सरड्याला माणूस जवळ आलेला चालत नाही, पण काठी चालते. काठी त्याला गवताची काडी वाटत असावी. फास डोक्यावरून मानेत सरकवायचा आणि अलगद वर उचलायचं. दोरा त्याच्या वजनानेच आवळतो, त्याला इजा होत नाही. आमच्या लहानपणी पोरं चतुर दोऱ्याने धरायची, त्याचीच ही सुधारित आवृत्ती. मनूचा हात बसलेला. मी पहिल्या तासात सहा फास चुकवले, एकदा तर सरडा फासाकडे बघून नुसता डोळे मिटून बसला. सातव्या वेळी जमलं. हातात आला तेव्हा खवले टोकदार लागले, आतलं पोट मात्र मऊ. मनूने तो उलटा केला आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना निळे पट्टे दिसले, मोरपिसाच्या डोळ्यातला असतो तसा निळा. नराचे ठळक, मादीचे फिके. पोरं इथे याला 'निळ्या पोटाचा' म्हणतात.

"मलेरिया झालेल्या नराच्या पोटाचा निळा रंग कमी होतो, काळपटपणा वाढतो," मनू म्हणाली. याच केंद्रावर व्हरमाँट विद्यापीठाच्या जोसेफ शॉल यांनी १९७८ पासून अनेक दशकं हे सरडे तपासले. त्यांच्याच पायवाटेवर आम्ही चाललो होतो, असं ती म्हणाली तेव्हा मी पायाखाली जरा जपून बघितलं.

१९८२ साली शॉल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात छापलेलं तिने मला चालता चालता सांगितलं, तेव्हा मला सकाळच्या थट्टेचा अर्थ लागला. जंतू लागलेल्या सरड्याचं हिमोग्लोबिन साधारण २५ टक्क्यांनी घटतं. रक्तात कोवळ्या, अर्धवट तयार झालेल्या लाल पेशींचं प्रमाण वाढतं, कारण शरीर घाईघाईने नव्या पेशी सोडत असतं. प्राणवायू घेण्याची कमाल ताकद घटते. आणि गंमत म्हणजे एका दमातली धाव, झटक्याची, ती तेवढीच राहते. दम टिकवायचा असतो तिथे सरडा मागे पडतो. म्हणजे शिकारी पक्षी झडप घालेल तेव्हा तो निरोग्याइतकाच चपळ पळेल. पण दुसऱ्या नराशी हद्दीसाठी भांडायचं, दिवसभर खांबावर बसून मिरवायचं, माद्यांच्या मागे हिंडायचं, हे सगळं दमाचं काम. तिथे तो हरतो. मादीला लागण असेल तर एका खेपेला एक-दोन अंडी कमी.

मी हे ऐकत असताना मला एटापल्लीचा एक पोरगा आठवला. सहावीतला, वारंवार पॉझिटिव्ह यायचा. ताप नसायचा. शाळेत यायचा, जेवायचा, हसायचा. फक्त खो-खोत त्याला कोणी घेत नसे, कारण पाचव्या मिनिटाला बसकण मारायचा. त्या वेळी मी त्याचं हिमोग्लोबिन रजिस्टरमध्ये लिहिलं आणि गोळ्यांची चिठ्ठी दिली. तो खो-खो का खेळू शकत नाही, असा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता.

नर सरडे जोर काढतात, हे आज प्रत्यक्ष पाहिलं. खांबावर चढायचं, पुढचे पाय ताठ करून अंग वर-खाली करायचं, निळं पोट दिसेल असं. अगदी आखाड्यातल्या पैलवानासारखं. मनू वहीत जोर मोजून लिहिते. पीएचडी अशीही असते.

एक गोष्ट मात्र मला पटली नाही. रक्तासाठी सरड्याच्या एका बोटाचं टोक कात्रीने कणभर कापतात. रक्ताचा थेंबही मिळतो आणि कोणतं बोट कापलं त्यावरून तोच सरडा पुढच्या वेळी ओळखता येतो. मनूकडे रीतसर परवानग्या आहेत, पद्धत जुनी, सर्वमान्य आहे, सरडा लगेच पळतो, हे सगळं तिने सांगितलं. मी आयुष्यात हजारो बोटं टोचली आहेत, लहान मुलांची रडती बोटंही. तरी मी कात्री हातात घेतली नाही. "मी स्लाइड ओढते, तू काप," म्हटलं. तिने वाद घातला नाही.

स्लाइड ओढायला मी सराईत. पण थेंब ठेवून सवयीने थिक स्मिअर, म्हणजे रक्ताचा जाड थर, करायला गेले, तर मनूने हात धरला. "थिक नको, मावशी. उद्या कळेल का ते."

दिवस तिसरा

कालच्या एकवीस स्लाइड. सकाळपासून दुपारपर्यंत मी खोलीतून बाहेर पडले नाही, आणि या प्रवासातला हाच दिवस मला पुन्हा जगायला आवडेल.

आमच्याकडे जेएसबीने रंगवायचो. आपल्याच देशात, जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी यांनी चाळीसच्या दशकात काढलेला स्वस्त रंग. बुडव, धू, पुन्हा बुडव, मिनिटभरात स्लाइड तयार. इथे गिम्सा. अर्धा-पाऊण तास रंगात ठेवायचं. मी घड्याळाकडे बघत बसले. आमच्याकडे पावसाळ्यात एवढा वेळ एका स्लाइडला दिला असता तर दाराबाहेरची रांग खवळली असती.

पहिली स्लाइड लावली, तेलाचा थेंब टाकला, फोकस केला आणि माझी मती गुंग झाली. प्रत्येक लाल पेशीत काहीतरी गडद जांभळं होतं. प्रत्येक! क्षणभर वाटलं, एवढी लागण? मग मनू हसली आणि माझ्या लक्षात आलं. सरड्याच्या, पक्ष्याच्या, बेडकाच्या लाल पेशीत केंद्रक असतं. पाठ्यपुस्तकात वाचलेलं, पण एकतीस वर्षं माणसाच्या बिनकेंद्रकाच्या पेशी बघून डोळा तसाच घडला होता. पेशीही गोल नव्हेत, लांबट, भोपळ्याच्या बियांसारख्या, मध्ये केंद्रक. म्हणूनच थिक स्मिअर इथे कुचकामी. आपण जाड थेंबात पेशी फोडून जंतू मोकळे करतो. इथे पेशी फोडल्या तर शेकडो केंद्रकं उरतील आणि त्या पसाऱ्यात जंतू कुठला शोधायचा?

दुसऱ्या स्लाइडपर्यंत डोळा सरावला. चौथ्या स्लाइडवर सापडला.

एका पेशीत केंद्रक एका कडेला ढकललं गेलेलं, आणि उरलेली जागा एका गोलसर निळसर गोळ्याने व्यापलेली. आत सोनेरी-तपकिरी कण विखुरलेले. ते कण मी झोपेतही ओळखेन. जंतू हिमोग्लोबिन खातो, त्यातलं लोह पचवू शकत नाही, मग ते रंगाच्या खड्यांसारखं साठवून ठेवतो. माणसाच्या हिवतापाच्या फाल्सिपेरममध्ये तेच, व्हायव्हॅक्समध्ये तेच, आणि सात समुद्रापलीकडे निळ्या पोटाच्या सरड्यातही तेच. मी नकळत मोठ्याने म्हटलं, "आहे रे आहे!" धानोऱ्याच्या लॅबमध्ये पॉझिटिव्ह सापडली की मी हेच म्हणायचे आणि शिपाई गोळ्यांचं कपाट उघडायला उठायचा. इथे कोणी उठलं नाही.

जंतूचं नाव प्लास्मोडियम मेक्सिकॅनम. १९४४ मध्ये थॉम्पसन आणि हफ यांनी मेक्सिकोतल्या सरड्यांवरून त्याला हे नाव दिलं. फाल्सिपेरम आणि व्हायव्हॅक्सचं आडनाव तेच, घर वेगळं. माणसाला तो होत नाही. सरड्यांतल्या अशा जंतूंचा शोध त्याहूनही जुना आहे. १९०९ साली ब्राझीलमध्ये आरागाव आणि नेइव्हा यांनी दोन जातींची वर्णनं छापली होती. तेव्हापासून जगभरातल्या सरड्यांत डझनावारी जाती सापडल्या आहेत. मी जन्मभर चार जातींची नावं घोकली आणि त्यातल्या दोनच पाहिल्या.

फाल्सिपेरमचा गॅमेटोसाइट, म्हणजे जंतूची नर किंवा मादी अवस्था, केळ्यासारखा वाकडा, तो दिसला की निदानात चूक व्हायची भीती नसे. इथला गोलसर. पण यातही नर-मादी ओळखता येतात. मादी निळी, नर फिकट गुलाबी. मनूचं अर्धं काम या दोघांची मोजणी करण्याचं आहे. कशासाठी, ते तिने सांगितलं तेव्हा खिडकीबाहेर केंद्राच्या मेंढ्या चरत होत्या, त्यामुळे मला समजायला सोपं गेलं.

कळपात मेंढा किती ठेवतात? एखाद-दुसरा. एका नराला पुष्कळ माद्या पुरतात. चावणाऱ्या माशीच्या पोटात रक्ताच्या घोटाबरोबर गॅमेटोसाइट जातात आणि तिथेच त्यांचं मीलन होतं. सरड्याच्या अंगात जंतूचा एकच वंश असेल तर सगळे भावंडंच. मग नर जास्त कशाला काढायचे, माद्या जास्त काढाव्यात. पण दोन-तीन वंश एकाच सरड्यात असले तर स्पर्धा आली. दुसऱ्याचे नर आपल्या माद्या पळवतील, म्हणून प्रत्येकाने नर वाढवावेत. कागदावर हे गणित चोख बसतं. याच केंद्रावरच्या कामातून २०१४ मध्ये नील आणि शॉल यांनी ते पडताळलं. एकाच वंशाच्या लागणीत मादीकडे थोडासा झुकाव निघाला. या जातीचा नर शुक्रपेशी थोड्याच काढतो, म्हणून झुकावही थोडाच. प्रयोगात वंश मिसळले तेव्हा नरांचं प्रमाण गणिताप्रमाणे वाढलं. रानातल्या नैसर्गिक लागणीत मात्र तसं दिसलं नाही. "का?" मी विचारलं. रानात एका सरड्यात बहुधा फार वंश नसतातच, हे त्यांचं उत्तर.

मला यात सगळ्यात भावलं ते हे की गणित रानात बसलं नाही हेही त्यांनी छापलं. आमच्या मासिक अहवालात न बसणारे आकडे पुन्हा तपासायला परत यायचे.

दुपारी एकवीस स्लाइड संपल्या. पॉझिटिव्ह पाच. इथे वर्षानुवर्षांच्या मोजणीतही साधारण चार-पाच सरड्यांमागे एक असंच निघत आलं आहे, म्हणजे आमचा हिशोब फार लांब नव्हता. मनूने माझ्या पाच तपासून पाहिल्या, पाचही बरोबर. सोळा निगेटिव्हमधलीही एक पुन्हा लावली आणि म्हणाली, "इथे बघ." एका पेशीत इवलंसं, रंगाचे कण नसलेलं काहीतरी होतं. मी म्हटलं, "हा प्लास्मोडियम नाही. रंगाचे खडे नाहीत." तो दुसराच जंतू निघाला, शेलॅकिया, तो किड्यांमधून पसरतो. मनूने माझी परीक्षा घेतली होती. मी पास झाले, पण रात्री तिला भात लावायला लावला.

सवय वाईट. वहीत मी आमच्या रजिस्टरसारखे रकाने आखले. क्रमांक, लिंग, ठिकाण, निकाल, जंतूची जात, उपचार दिल्याची तारीख. मनू वाकून बघत होती.

"शेवटचा रकाना कशाला, मावशी?"

कोणीच उपचार करत नाही. सरड्याच्या अंगात तो एकदा शिरला की बहुधा आयुष्यभर राहतो. हिवाळ्यात सरडा निपचित पडतो तेव्हा जंतूही दबून असतो, वसंतात दोघे जागे होतात. सरडा सहसा त्याने मरत नाही. जंतूलाही तो मरून चालणार नाही, माशी येईपर्यंत वाट बघायची असते. मी तो रकाना खोडला नाही, नुसता रिकामा सोडला.

माशी म्हटलं, कारण डास नाही. हे मला कालच कळलं होतं, पण पचायला रात्र लागली. मलेरिया म्हणजे डास, हे आम्ही भिंतीवर रंगवलं, शाळेत पाठ करून घेतलं. रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ ला डासाच्या पोटात जंतू पाहिला, त्या दिवशी आरोग्य खात्यात डास दिन पाळतात. इथल्या सरड्याला डास दिनाशी काही देणंघेणं नाही. १९७० मध्ये आयाला आणि ली यांनी 'सायन्स'मध्ये दाखवून दिलं की कॅलिफोर्नियातला हा जंतू वाळूमाशीत वाढतो. एक नव्हे, दोन जातींत.

संध्याकाळी आम्ही खारींच्या बिळांपाशी गेलो. मनूने बिळाच्या तोंडावर नरसाळ्यासारखा जाळीचा सापळा बसवला. खालून उडून वर येणारी माशी वर अडकते. वाळूमाश्या बिळातल्या ओलाव्यात दिवसभर दडतात, अंधार पडला की बाहेर निघतात. सरडाही रात्री बिळात, सालीखाली, दगडाच्या फटीत निजतो. खारीने घर बांधलं, सरडा भाडेकरू, माशी ढेकणासारखी.

आणि सापळ्यात ती आली तेव्हा मी तिला ओळखलं. दोन-तीन मिलिमीटरची, केसाळ, पंख पाठीवर उभे इंग्रजी व्ही अक्षरासारखे. नीट उडतही नाही, टुणटुण उड्या मारते. हीच आपल्या घराच्या भिंतींच्या भेगांत असते. चांदीपुरा नावाचा विषाणू १९६५ मध्ये ज्या गावातल्या रुग्णांच्या रक्तात पहिल्यांदा सापडला ते गाव नागपूरजवळचंच, आणि तो पसरवणारी संशयित हीच वाळूमाशी. २००३ मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रात मुलं दगावली, तेव्हा आम्ही गावोगाव फिरून भिंतींच्या भेगा लिंपायला सांगत होतो. त्या वेळी जिला मारायला फवारा घेऊन फिरलो, तिच्या बहिणीला आज मी टॉर्च धरून बघत होते. मनूने दोन माश्या कुपीत घेतल्या. अंगावर काटा आला, तो थंडीने की कशाने, सांगता येत नाही.

दिवस चौथा

ढग. बोचरा वारा. एकही सरडा बाहेर नाही. "आज सुट्टी," असं मनू म्हणाली आणि मग दिवसभर आकडे भरत बसली.

मी एकटीच वरच्या वाटेने गेले. २०१८ च्या जुलैत इथे आग लागली होती, केंद्राची सुमारे ३,००० एकर जमीन, निम्म्याहून जास्त, जळाली. काळे पडलेले बुंधे अजून उभे आहेत. बुंध्यांच्या पायथ्याशी कोवळे धुमारे, मधून गवत. आपल्याकडे मोहाच्या हंगामात पालापाचोळा पेटवतात तेव्हा रानाचा असाच वास येतो. सरडे आगीत बिळांत शिरून वाचले असतील, असं मला वाटलं. खारींची बिळं तिथेही कामाला आली असतील.

परतताना मोज्यावर गोचीड चढलेली. ओरडतच खोलीत आले. मनूने चिमट्याने काढली आणि म्हणाली, "तुझ्या सरड्याचे आभार मान." इकडे गोचिडीतून लाइम नावाचा आजार होतो. पिल्लू-गोचिड्या बहुतेक या कुंपण-सरड्याचंच रक्त पितात, आणि सरड्याच्या रक्तात असं काहीतरी असतं की गोचिडीच्या पोटातले लाइमचे जिवाणू मरून जातात. १९९८ मध्ये लेन आणि क्विस्टॅड यांनी ते दाखवलं. मग वाटेल की सरडे जास्त तर लाइम कमी. पण २०११ मध्ये मरीन काउंटीत सरडे हटवून पाहिलं तर गोचिड्याच कमी झाल्या, त्यांना पोट भरायला दुसरं कोणी पुरेसं मिळालं नाही. सरडा वैद्यही आणि अन्नछत्रही. रात्री खिचडी केली, वर जवसाची चटणी. मनूने तीन वेळा घेतली.

दिवस पाचवा

ऊन परत आलं. आठ वाजताच खांब कोरडे झाले.

परतीच्या आधी, तपासणीसाठी पिशव्यांत ठेवलेले सरडे जिथून उचलले तिथेच सोडायचे असतात, नेमक्या त्याच खांबावर. त्यांची हद्द ठरलेली असते. दुसरीकडे सोडला तर दुसऱ्याच्या खांबावर मार खातो. मनू हातात नकाशा घेऊन, मी पिशव्या घेऊन. प्रत्येक कापडी पिशवीवर नंबर. माझ्या रजिस्टरमधला चौदा नंबर पॉझिटिव्ह होता, माझ्या हाताने धरलेला पहिला. त्याच्याच स्लाइडवर मी 'आहे रे आहे' ओरडले होते.

खांब कुरणाच्या कुंपणाचा, तारेचा, खालच्या अंगाला मेंढ्यांची लोकर अडकलेली. पिशवी उघडली. तो एका झटक्यात वर चढला, डोळ्याला दिसलाही नाही. ती झटक्याची धाव त्याच्यात शाबूत होती. वर गेल्यावर थांबला, मान वळवून बघितलं. दोन खांब पलीकडे दुसरा नर येऊन बसला होता, चकचकीत, निळा, आणि तो लगेच जोर काढू लागला. एक, दोन, पाच, आठ.

आमचा चौदा नंबरही पुढचे पाय ताठ करून उठला. एक जोर. थांबला. दुसरा. मग अंग खांबाला टेकवून बसून राहिला.

"किती मोजलेस?" मनूने विचारलं.

"दोन."

तिने वहीत लिहिलं. फाटकापाशी जावयांच्या गाडीचा हॉर्न वाजत होता.